तंत्रज्ञानाचे सामाजिक मूल्यमापन : संसदीय समितीचा सदतिसावा अहवाल आणि यवतमाळ जिल्हा

कृषिविषयक संसदीय स्थायी समितीचा सदतिसावा अहवाल ९ ऑगस्ट २०१२ रोजी संसदेला सादर झाला. जनुकीय परिवर्तित अन्नपिकांच्या लागवडीच्या शक्यता व परिणाम हा त्याचा विषय होय. या अहवालाची चर्चा बहुधा जैवतंत्रज्ञानाची बाजू घेणारे आणि विरोध करणारे अशा दोन गोटांतच झाली. तंत्रज्ञानाच्या सामाजिक मूल्यमापनाचा दस्तऐवज म्हणून त्याचे वाचन क्वचितच झाले. यवतमाळ जिल्ह्याला हे वाचन अगत्याचे वाटावे, कारण बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती मार्च २०१२ मध्ये भांबराजा व मारेगाव येथे आली होती. २००८ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने भांबराजाचे वर्णन बीटी कापसाची यशोगाथा म्हणून केले होते आणि तोच मजकूर २०११ मध्ये जाहिरातीच्या रूपात पुन्हा छापला गेला होता. त्याच गावात शेतकऱ्यांनी समितीपुढे आत्महत्यांचा पाढा वाचला. अहवालाचे खरे सामर्थ्य या भेटीत आहे.

बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी मान्यता देणाऱ्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने तीन संकरित वाणांच्या जैवसुरक्षेचा विचार केला. समाजाचा विचार करणे तिच्या कार्यकक्षेत ठळकपणे नव्हतेच. मान्यतेसोबत घातलेली अट पाहावी : शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के भाग, यांपैकी जे अधिक असेल ते. बोंडअळीत प्रतिकारशक्ती उशिरा यावी, हा त्यामागील हेतू शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता. परंतु दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्याने, सावकाराचे किंवा कृषिकेंद्राचे देणे डोक्यावर असताना, जमिनीचा पाचवा हिस्सा अळीसाठी का सोडावा, हा प्रश्न प्रयोगशाळेत उद्भवत नाही. तो यवतमाळच्या बांधावर उद्भवतो. संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते, ही बाबही जनुकाच्या परीक्षेत येत नाही. ती पतपुरवठ्याच्या हिशेबात येते.

समिती बांधावर गेली खरी, पण मान्यतेनंतर दहा वर्षांनी. शिवाय तिच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नव्हत्या, स्थायी समितीचा कार्यकाल एका वर्षापुरता असतो आणि कायमस्वरूपी संशोधक-वर्ग तिच्या हाताशी नसतो. अमेरिकन काँग्रेसने १९७२ मध्ये कायद्याने स्थापिलेल्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाजवळ असा तज्ज्ञवर्ग होता; १९९५ मध्ये ते कार्यालय खर्चकपातीच्या नावाखाली बंद झाले. डेन्मार्कने १९८७ पासून सामान्य नागरिकांच्या मंडळांनाच मूल्यमापनात बसविले. भारतात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘टायफॅक’च्या नावात मूल्यमापन हा शब्द आहे, तथापि तिची ख्याती ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’सारख्या भविष्यवेधासाठी. बीटी वांग्याबाबत २०१० च्या आरंभी सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांत नागपूर होते. तो एका मंत्र्याचा निर्णय होता, संस्थेची रीत नव्हे.

या उणिवेची किंमत २०१७ मध्ये मोजावी लागली. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली होती. उंच वाढलेल्या दाट पिकात, संरक्षक साधनांवाचून, मिश्र कीटकनाशके फवारली गेली. विशेष तपास पथक नेमले गेले ते मृत्यूंनंतर. बियाणे, कीड, रसायन आणि मजुरी यांची तपासणी चार निरनिराळ्या कार्यालयांत होत असल्याने त्यांचा एकत्रित परिणाम कोणाच्याच टेबलावर आला नाही. येथे संसदीय चर्चेचीही एक मर्यादा उघड होते : ‘शेतकरी’ हा एकच घटक धरला की पंप पाठीवर घेणारा मजूर त्यात लुप्त होतो. बियाण्याची निवड त्याची नसते, नफा त्याचा नसतो.

अर्थात, स्वतंत्र मूल्यमापन म्हणजे नकार असे समीकरण मांडणेही अनुचित ठरेल. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील, विनापरवाना कपाशी जाहीरपणे पेरली. निंदणीचा वाढता खर्च हे त्यांचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. मात्र निंदणी ही कोरडवाहू पट्ट्यात मुख्यतः स्त्री-मजुरांची रोजी आहे. एकाचा वाचणारा खर्च ही दुसरीची बुडणारी मजुरी असते. सदतिसाव्या अहवालाच्या निषेधपर शिफारशींतून या पेचाचे उत्तर मिळत नाही. तो पेच सोडविणारी संस्था ना बियाण्याच्या प्रसारावर जगणारी असावी, ना केवळ त्याच्या विरोधावर.

अहवालाने प्रवर्तन आणि नियमन एकाच छत्राखाली नसावे, असा आग्रह धरून सर्वंकष जैवसुरक्षा प्राधिकरण सुचविले. शासनाने २०१३ मध्ये लोकसभेत मांडले ते जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक. तेही पंधराव्या लोकसभेबरोबर २०१४ मध्ये व्यपगत झाले.