‘सैराट’ ते ‘झुंड’ : नागराज मंजुळे यांच्या दिग्दर्शकीय मौनाची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या कलावंताची कृती कमालीची गाजली आणि त्यानंतर बराच काळ त्याची दुसरी कृती आली नाही, तर रसिकांमध्ये साधारणतः दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते की त्याच्याजवळचे सांगण्यासारखे सारे संपले. काहींना वाटते की तो काहीतरी अपूर्व घडविण्यात गुंतला असावा. या दोन्ही प्रतिक्रिया परस्परविरोधी असल्या तरी त्यांच्यामागचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे दोन कृतींमधील काळ रिकामा असतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला पुढील पूर्ण लांबीचा चित्रपट ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला. सुमारे सहा वर्षांच्या या अंतराला ‘मौन’ म्हणणे कितपत योग्य आहे, त्या काळात नेमके काय घडले आणि त्याचा ‘झुंड’च्या घडणीशी कोणता संबंध जोडता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘झुंड’चे कथानक आणि त्याची बोली नागपूरची असल्यामुळे या परिसरातील अभ्यासकांसाठी हा विषय अधिक जवळचा ठरतो.

मौन : संज्ञेची व्याप्ती

कलावंताचे दीर्घ मौन ही नवी घटना नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ ही कादंबरी १९७९ मध्ये आली आणि ‘हिंदू’ २०१० मध्ये. कादंबरीकार म्हणून एकतीस वर्षांचे हे अंतर मराठीत दंतकथेसारखे चर्चिले गेले. परंतु याच काळात नेमाडे यांचा ‘टीकास्वयंवर’ हा समीक्षाग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यास साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. म्हणजे कादंबरीकार गप्प होता, लेखक गप्प नव्हता. अमेरिकन दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांनी १९७८ नंतर थेट १९९८ मध्ये चित्रपट दिला. व्हिडिओ गेमसारख्या नव्या कलाप्रकारातही जपानी दिग्दर्शक फुमितो उएदा यांच्या २००५ आणि २०१६ मधील दोन निर्मितींत अकरा वर्षांचे अंतर आहे. मराठीत चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला आणि ‘द डिसायपल’ त्याच महोत्सवात २०२० मध्ये आला. मधल्या काळात ताम्हाणे यांनी अल्फान्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’ या चित्रपटाच्या निर्मितीप्रक्रियेचे जवळून निरीक्षण केले.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मौन’ ही संज्ञा बहुधा प्रदर्शनाच्या किंवा प्रकाशनाच्या तारखांवरून ठरते. ती बाजाराची आणि ग्राहकाची मोजणी आहे. कलावंताच्या कामाचे मोजमाप त्या तारखांवरून होतेच असे नाही. म्हणून मौनाचे किमान तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक ठरते : परिस्थितीने लादलेले मौन, अन्य कामांनी व्यापलेले मौन आणि आशयाच्या परिपक्वतेसाठी लागलेले मौन. मंजुळे यांच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आहेत.

लादलेले मौन

‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या आर्थिक कल्पनाच बदलल्या. शंभर कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. कन्नड, पंजाबी आणि हिंदी भाषांत त्याची रूपांतरे झाली. अशा यशानंतर तशाच वळणाचा दुसरा चित्रपट त्वरित आणणे व्यवहाराच्या दृष्टीने सोपे होते. मंजुळे यांनी विषय निवडला तो नागपुरातील झोपडपट्टी फुटबॉलचा. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतील मुलांना हाताशी धरून २००१ मध्ये सुरू केलेल्या कार्यावर हे कथानक आधारलेले आहे.

मात्र या निर्मितीला अडथळे फार आले. पुण्यात विद्यापीठाच्या मैदानावर उभारलेला सेट वादानंतर २०१८ मध्ये काढून घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूर येथे चित्रीकरण सुरू झाले. २०२० च्या मे महिन्यात ठरलेले प्रदर्शन कोरोनाच्या टाळेबंदीमुळे हुकले. त्यापाठोपाठ कथेच्या हक्कासंबंधीच्या दाव्यात तेलंगणातील न्यायालयाने प्रदर्शनास मनाई केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उठविण्यास नकार दिला. म्हणजे सहा वर्षांपैकी अखेरची सुमारे दोन वर्षे चित्रपट मुळात थांबविला गेला होता. या दोन वर्षांना ‘सर्जनशील मौन’ म्हणणे हा भाबडेपणा होईल. विलंबाचे उदात्तीकरण करताना भांडवल, जागा, कायदा आणि साथरोग यांचा वाटा विसरला जातो, ही मौनविषयक चर्चेतील एक मोठी त्रुटी आहे.

कामाने व्यापलेले मौन

उरलेल्या काळात मंजुळे यांच्या नावावर बरेच काम दिसते. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटासाठी त्यांना ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये कथाबाह्य विभागातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेत पावसावर निबंध लिहावयाचा आहे आणि घरात तोच पाऊस गळतो आहे, अशा मुलाची ही गोष्ट. पुस्तकातला सुंदर पाऊस आणि गरिबाच्या डोक्यावरचा पाऊस यांतील तफावत येथे कोणत्याही भाष्याविना उभी राहते. ‘सैराट’च्या भव्यतेनंतर लगेच इतक्या लहान आवाक्याची कृती करणे ही दिग्दर्शकाने स्वतःची पट्टी पुन्हा तपासून पाहण्याची क्रिया मानता येईल.

२०१८ मध्ये आलेला ‘नाळ’ मंजुळे यांनी निर्माता म्हणून सादर केला आणि त्यात भूमिकाही केली. दिग्दर्शन होते ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे. ‘झुंड’चे छायालेखनही यक्कंटी यांचेच आहे. ‘नाळ’मधील मुलाची वैदर्भी बोली आणि विदर्भाचा भूप्रदेश लक्षात घेता, सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या मातीत वाढलेल्या या दिग्दर्शकाचे लक्ष ‘झुंड’च्या आधीच पूर्वेकडे वळले होते, असे म्हणण्यास जागा आहे. २०१९ मध्ये त्यांनी ‘कोण होणार करोडपती’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. जानेवारी २०२२ मध्ये ‘अनपॉज्ड : नया सफर’ या लघुपटमालिकेतील ‘वैकुंठ’ हा भाग त्यांनी दिग्दर्शित केला. साथीच्या काळात स्मशानात राबणारा कामगार त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि ती भूमिका मंजुळे यांनी स्वतः केली. ज्याच्या श्रमावाचून कोणाचाही अखेरचा प्रवास पुरा होत नाही, परंतु ज्याला शेजारी राहू देण्यास समाज कचरतो, असा माणूस त्यांनी याच ‘रिकाम्या’ वर्षांत पडद्यावर आणला.

आशयाची परिपक्वता : ‘फँड्री’पासून ‘झुंड’पर्यंत

मौनाचा खरा हिशेब पुढील कृतीत मांडावा लागतो. त्या काळात दिग्दर्शकाची दृष्टी बदलली की तीच राहिली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. याचे उत्तर तीन चित्रपटांच्या शेवटांची तुलना केल्यास मिळते. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘सैराट’च्या शेवटी पार्श्वध्वनी पूर्णतः नाहीसा होतो आणि रक्तात उमटलेली बाळाची पावले तेवढी दिसतात. पहिल्यात व्यक्तीचा संताप आहे, दुसऱ्यात व्यक्तीचा अंत आहे. ‘सैराट’च्या त्या निःशब्द शेवटानंतर त्याच वाटेने आणखी पुढे जाणे शक्य नव्हते. आणखी एक हत्या दाखविणे म्हणजे स्वतःचीच नक्कल झाली असती. ‘झुंड’चा शेवट याहून निराळा आहे. महाविद्यालयाचे मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये उभी असलेली, ओलांडण्यास मनाई असलेली भिंत आणि तिच्यावरून जाणारे विमान, असे ते दृश्य आहे. भिंत पडलेली नाही. मात्र वस्तीतील काही मुले तिच्या वरून गेली आहेत. संताप आणि मृत्यू यांनंतर शक्यतेकडे येण्यासाठी दिग्दर्शकाला वेळ लागला, असे अनुमान या तुलनेतून काढता येते.

दुसरा बदल प्रतिमांच्या वापरात आढळतो. ‘फँड्री’मध्ये डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या ज्या भिंतीजवळून जाते, तिच्यावर महापुरुषांची चित्रे आहेत. ती चित्रे मूक आहेत आणि त्यांच्याकडे पाहण्याची उसंत कोणाला नाही. ‘झुंड’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा जयंतीच्या जल्लोषात, वस्तीच्या मध्यभागी येते. दीक्षाभूमीच्या नागपुरात ही गोष्ट सजावटीपुरती राहत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा जगणाऱ्या शहरातील वस्ती आपला उत्सव आपल्या ठेक्यावर साजरा करते आणि मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपट तो तितक्याच मोकळेपणाने दाखवितो, हे आशयाच्या दृष्टीने मोठे स्थित्यंतर आहे.

तिसरा बदल नायकत्वाचा. ‘फँड्री’त एक मुलगा, ‘सैराट’मध्ये दोघे आणि ‘झुंड’मध्ये अख्खी वस्ती. अमिताभ बच्चन यांच्यासारखा महानायक असूनही चित्रपटातील सर्वांत प्रभावी प्रसंगांपैकी एकात ते प्रामुख्याने श्रोते आहेत. घरी जमलेली मुले एकेक करून आपल्या आयुष्याची हकीकत सांगतात आणि बोराडे सर ऐकतात. ज्या नटाचा आवाज हिंदी चित्रपटाने अर्धशतक ऐकला, त्याला ऐकण्याच्या जागी बसविणे हा या चित्रपटाचा मर्मभाग आहे. मौन येथे बलवानाकडे जाते आणि शब्द दुर्बलाकडे येतो.

ही मुले बोलतात ती नागपुरी हिंदी. कोळसा चोरणाऱ्या, गळ्यातील साखळ्या ओढणाऱ्या या पोरांची भाषा प्रमाण हिंदीही नाही आणि प्रमाण मराठीही नाही. औष्णिक वीजकेंद्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या खापरखेड्यासारख्या गावात, जेथे कोळशाची वाहतूक हा रोजच्या दृश्याचा भाग आहे आणि जेथील विद्यार्थी घरी, चौकात व वर्गात वेगवेगळ्या भाषा वापरतात, तेथे या संवादांचे मोल सहज कळते. वर्गात अशुद्ध ठरणारी बोली पडद्यावर नायकाची होते. अंकुश गेडाम यांच्यासारख्या, अभिनयाची पार्श्वभूमी नसलेल्या तरुणांकडून ती तिच्या मूळ लयीत येणे ही घाईने साधणारी गोष्ट नव्हती.

काही आक्षेप

‘झुंड’ निर्दोष नाही. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध सामन्याच्या उत्कर्षबिंदूकडे वेगाने जातो, तर उत्तरार्ध कागदपत्रे, ओळखपत्रे आणि पारपत्रे यांच्या शोधात विखुरतो. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मुलीच्या वडिलांना स्वतःचे अस्तित्व कागदावर सिद्ध करावे लागते, हा धागा स्वतंत्र चित्रपटाच्या तोलाचा आहे. येथे त्यास पुरेसा अवकाश मिळत नाही. मोठ्या नटाच्या उपस्थितीमुळे ‘उद्धारकर्ता शिक्षक’ या परिचित साच्याची छायाही पूर्णपणे पुसली जात नाही. दीर्घ काळ साठलेले सारे एकाच चित्रपटात सांगण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरता आला नाही, असे म्हणावे लागते. म्हणजे मौन कृतीला पक्व करते त्याप्रमाणेच तिला जडही करू शकते. तिकीटबारीवर ‘झुंड’ला ‘सैराट’ची उंची गाठता आली नाही, हेही खरे, मात्र तो निकष वरील आक्षेपांहून वेगळा आहे आणि त्याची गल्लत समीक्षेत होऊ नये.

मौन कोणाला परवडते?

या विषयाची एक सामाजिक बाजूही आहे. प्रस्थापित घरातील कलावंत गप्प राहिला तर त्यास साधना म्हटले जाते. वडार समाजातून, ग्रामीण दारिद्र्यातून आलेल्या दिग्दर्शकाने तेवढाच काळ घेतला तर त्याचे यश अपघाती होते की काय, अशी कुजबुज सुरू होते. ज्याच्या पाठीशी पिढीजात सांस्कृतिक भांडवल नाही, त्याला प्रत्येक वेळी नव्याने पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणून थांबण्याचा अधिकार हाही सांस्कृतिक समतेचाच प्रश्न ठरतो. मंजुळे यांनी मधल्या काळात निर्मिती, अभिनय आणि सूत्रसंचालन केले, त्याकडे केवळ ‘विचलन’ म्हणून पाहणाऱ्यांनी त्या कामांनीच हा अवकाश शक्य केला असावा, याचा विचार करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. ‘सैराट’ आणि ‘झुंड’ यांमधील सहा वर्षे प्रदर्शनाच्या तारखांवरूनच मौनाची वाटतात. लघुपट, निर्मिती आणि अभिनय यांची नोंद घेतल्यास ती कामाची वर्षे ठरतात.

२. या विलंबातील मोठा भाग वाद, न्यायालयीन मनाई आणि साथरोग यांनी लादलेला होता. त्याचे श्रेय सर्जनप्रक्रियेला देणे योग्य नाही.

३. तरीही व्यक्तीकडून समूहाकडे आणि मृत्यूकडून शक्यतेकडे झालेला प्रवास ‘झुंड’मध्ये स्पष्ट दिसतो. तो ‘सैराट’नंतर वर्षभरात आलेल्या चित्रपटात संभवला नसता.

४. चित्रपट-समीक्षेने कलावंताचे मूल्यमापन कृतींच्या संख्येवर व वेगावर करू नये. २०१० पासून गुणांकांच्या तक्त्यात वर्षाकाठचे लेखन मोजण्याची सवय लागलेल्या उच्च शिक्षणक्षेत्रानेही या उदाहरणाकडे लक्ष देण्यासारखे आहे.

कुस्तीपटू खाशाबा जाधव यांच्या जीवनावरील चित्रपट आणि ‘मटका किंग’ ही मालिका हे मंजुळे यांचे ‘झुंड’नंतर जाहीर झालेले दिग्दर्शकीय प्रकल्प आहेत. त्यांचे परीक्षण करतानाही किती वर्षे लागली यापेक्षा त्या वर्षांनी कृतीत काय आणले, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.