पाणवठ्यावरचा संवाद : कोंडागावचे ‘नलपार’

‘कला आणि समाज यांच्यातील संवाद’ हा शब्दप्रयोग आज फार सैलपणे वापरला जातो. गावात कार्यशाळा झाली, गावकऱ्यांसोबत छायाचित्रे निघाली, की संवाद घडला असे मानतात. समीक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही. संवाद खरोखर घडला, हे कलाकृतीत कोठे दिसते? छत्तीसगडमधील एका सार्वजनिक कलाकृतीच्या आधारे या टिपणात आपण या प्रश्नाचा विचार करू.

१. कसोटी : रायपूरचा अनुभव

आधी रंगभूमीवरचे एक उदाहरण पाहू. हबीब तनवीर (१९२३–२००९) मूळचे रायपूरचे. १९५८ मध्ये त्यांनी छत्तीसगडमधील ‘नाचा’ या लोकनाट्याचे काही कलावंत दिल्लीला नेले. आपल्या गावी रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे हे नट शहरी रंगमंचावर मात्र अवघडून जात. त्याचे कारण तनवीरांनी पुढे स्वतःच मान्य केले. ते नटांकडून हिंदी बोलवून घेत होते आणि त्यांच्या हालचाली आखून देत होते. १९७३ मध्ये रायपूरला झालेल्या नाचा कार्यशाळेने ही पद्धत मोडायला मोठी मदत केली. नट छत्तीसगडीत बोलू लागले, प्रसंग स्वतः फुलवू लागले आणि नाटकाचा घाटच बदलला. यातून आपल्याला एक कसोटी मिळते : समोरच्याचे ऐकल्यामुळे कलावंताच्या घाटात काय बदलले?

२. सीमाभागातील कोंडागाव

आता हीच कसोटी दृश्यकलेला लावू. रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बस्तरच्या पठारावर कोंडागाव आहे. ढोकरा धातुकाम, लोहशिल्प आणि लाकूडकाम यांसाठी ते प्रसिद्ध आहे. बस्तर विभागाच्या सीमा ओडिशा, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला भिडतात. येथे गोंडी, हलबी, छत्तीसगडी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. त्यांपैकी हलबी मराठीला इतकी जवळची की ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात तिची नोंद मराठीच्या खंडात झाली होती.

मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ १९९७ च्या सुमारास येथे काम करू लागल्या. राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेस्सुराम विश्वकर्मा हे कोंडागावचे कलावंत त्यांचे सहकारी झाले. सुरुवातीला हे कलावंत शेजारी-शेजारी काम करीत एकमेकांची पद्धत समजून घेत होते. हा कलावंतांचा आपसातला संवाद होता. गाव अजून त्याच्या बाहेर होते.

३. नलपारचा घाट

गाव आत आले ते हातपंपापाशी. ‘नलपार’ म्हणजे हातपंपाची जागा. एरवी अशा जागी चिखल, साचलेले पाणी आणि निसरडा कट्टा एवढेच असते. गावकऱ्यांशी बोलून, कार्यशाळा घेऊन या गटाने काही हातपंपांभोवती पक्के कट्टे व भिंती बांधल्या. भिंतींवर स्थानिक परंपरेतील आकार आणि चिन्हे आहेत. पण त्याहून महत्त्वाचे आहेत ते कोनाडे आणि टप्पे. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबर आणि मान यांवर मोठा ताण येतो. येथे घागर मधल्या उंचीवर टेकवून टप्प्याटप्प्याने उचलता येते.

त्या कोनाड्याची उंची कोणी ठरवली? कोणत्याही शैलीने किंवा कलाशाळेने नाही. ती पाणी भरणाऱ्या बाईच्या शरीराने ठरवली. आपल्या कसोटीवर नलपार उतरते ते याच ठिकाणी.

मराठी वाचकाला ‘पार’ म्हटले की वडाचा पार आठवेल. गावच्या पारावर बहुतेक पुरुष बसतात आणि तिथल्या बोलण्याला ‘चर्चा’ म्हणतात. पाणवठ्यावर बायका बोलतात त्याला मात्र ‘गप्पा’. नलपार पाणवठ्याला पाराची प्रतिष्ठा देते. पाण्याची जागा ही सत्तेची जागा असते, हे आपल्याला महाडच्या चवदार तळ्यापासून, म्हणजे १९२७ पासून, माहीत आहे. म्हणून अशा जागेची निगा राखणे हे केवळ सुशोभीकरण ठरत नाही.

याच गटाने मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ ही एकत्र जमण्याची, शिकण्याची ठिकाणे उभारली. ‘गुडी’ म्हणजे देऊळ, आणि ‘पिल्ला’चा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही.

४. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : पाण्याची सोय हे शासनाचे काम आहे, कलावंताने ते केले तर शासनाला पळवाट मिळत नाही का? आक्षेपात तथ्य आहे. परंतु सरकारी हातपंप बसवताना पाणी कोण भरते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नलपार तो प्रश्न कायमचा, काँक्रीटमध्ये, विचारून ठेवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कलाविश्वात हे काम बहुधा शहरातून आलेल्या कलावंताच्या नावाने ओळखले जाते. या टिपणातही नवजोत यांचे नाव आधी आले आणि इतर तिघांना ‘सहकारी’ म्हटले गेले, हे तुमच्या लक्षात आले असेल. ज्या बायकांच्या सवयीने कोनाड्याची उंची ठरली, त्यांची तर नावेच नाहीत. घाट बदलला, पण श्रेयाची भाषा तेवढी बदललेली नाही. संवादात्मक कलेची ही अपुरी राहिलेली बाजू आहे, आणि तिची जबाबदारी समीक्षेवरही येते.

समारोप

नलपारचे यश त्याच्या सौंदर्यात आहे. मात्र ते सौंदर्य घागर टेकवणाऱ्या हाताला कळते, तेव्हाच पूर्ण होते. म्हणून अशी कला प्रदर्शनातील छायाचित्रावरून जोखणे अपुरे ठरते. ती वापरात पाहावी लागते, आणि वापरणाऱ्यांना विचारावी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील वा वस्तीतील पाणवठा कोणी, कोणासाठी आखला आहे? त्याच्या रचनेत ते कसे दिसते?

२. तनवीरांची रंगभूमी आणि नलपार यांत ‘घाट बदलणे’ या प्रक्रियेची तुलना करा.

३. सामूहिक कलाकृतीचे श्रेय कसे नोंदवावे? सकारण लिहा.