वाळवंटांतील रणगाड्यांचा मेजावरील खेळ : एक परीक्षण

‘फ्लेम्स ऑफ वॉर’ हा खेळ न्यूझीलंडांत २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. त्यांत दुसऱ्या महायुद्धांतील लढाया मेजावर, मूळच्या शंभराव्या हिश्शाच्या प्रतिकृति व फांसे घेऊन खेळावयाच्या असतात. २०१७ सालच्या चौथ्या आवृत्तीचा आरंभ उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापासून झाला. प्रतिकृति रेखीव आहेत, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु इतिहासाचें साधन म्हणून हा खेळ कितपत विश्वसनीय?

या प्रमाणानें हजार मीटर अंतर दहा मीटर भरतें. सहा फुटी मेजावर तें मावणें अशक्य. म्हणून नियमकारांस अंतरें आंखडावीं लागलीं, आणि ८८ मिलिमीटरच्या जर्मन तोफेस मोकळ्या वाळवंटानें दिलेलें दूरच्या माऱ्याचें सामर्थ्य झांकलें गेलें. १९४२ च्या मे महिन्यांत गझालाच्या लढाईंत रोमेलचे रणगाडे इंधन व पाणी यांच्या टंचाईनें अडले. मेजावर मात्र टाक्या सदैव भरलेल्या! शिवाय दबा धरलेल्या पथकांखेरीज उभय सैन्यें खेळाडूस वरून दिसतात. रणांगणावरील धुळींत सेनापतीस कित्येकदां स्वतःचींहि पथकें दिसत नसत.

सारांश, हा खेळ बखरीच्या जातीचा आहे. त्यांतील रस अवश्य घ्यावा. प्रमाण मात्र पथकांच्या रोजनिशींतच शोधावें, असें आमचें मत आहे.