'प्रेरित' म्हणजे नेमकं काय? 'मिसेस डॅलोवे'वरच्या माझ्याच डीजे मिक्सची उलटतपासणी

सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यात स्वस्तात मिळणारा शब्द कुठला असं कुणी विचारलं, तर मी 'प्रेरित' म्हणेन. अमुक कादंबरीवरून प्रेरित सिनेमा, तमुक कवितेवरून प्रेरित नृत्य. आपण लिहितो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्या शब्दाने आपण नेमका काय दावा केला, हे कुणी विचारत नाही. विचारलं की पंचाईत होते. माझी झाली, आणि ती कशी झाली हे आज सविस्तर सांगणार आहे. कारण साहित्य 'आणि' संगीत, साहित्य 'आणि' सिनेमा अशा 'आणि'वाल्या विषयांकडे वळणारे तुमच्यात बरेच आहेत, आणि त्या 'आणि'मध्येच सगळा घोळ असतो.

आधी एक खुलासा. डीजे म्हटलं की आपल्याकडे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. इथे मला ते म्हणायचं नाहीये. डीजे मिक्स म्हणजे दुसऱ्यांचे ट्रॅक निवडून, त्यांचा वेग जुळवून, एकातून दुसऱ्यात न थांबता जात रचलेला सलग तास-दीड तास. यातलं बहुतेक कसब ट्रॅकमध्ये नसतं, ट्रॅकच्या सांध्यांमध्ये असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरीवर असा एक तासाचा मिक्स केला. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९२३ च्या जूनमधला लंडनमधला एक दिवस. क्लॅरिसा डॅलोवे संध्याकाळच्या पार्टीसाठी सकाळी फुलं आणायला बाहेर पडते. त्याच शहरात सेप्टिमस वॉरन स्मिथ नावाचा, महायुद्धातून परतलेला तरुण आहे. त्याला मेलेला मित्र दिसतो, डॉक्टरांना तो समजत नाही, आणि संध्याकाळी तो खिडकीतून उडी टाकतो. दोघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. त्याच्या मृत्यूची बातमी मात्र तिच्या पार्टीत पोचते. कादंबरीला प्रकरणं नाहीत. मधे थोड्या मोकळ्या जागा सोडल्या तर सगळं सलग.

माझा पहिला मिक्स कसा होता? सुरुवातीला बिग बेनचे टोले. मग फोर टेटच्या 'मॉर्निंग/इव्हिनिंग' (२०१५) या अल्बममधला 'मॉर्निंग साइड', कारण कादंबरी सकाळी सुरू होते. मधे बरंच पियानो, थोडा पाऊस. शेवटी पार्टी म्हणून हाउस. ऐकायला छान होता, हे मी आजही म्हणेन. मित्रमैत्रिणींनी कौतुकही केलं.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पूर्ण ऐकला. मग म्हणाल्या, "अगं, याचं नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं ठेवलं, तर यातलं काय मोडेल?"

मी विचार केला. काहीच मोडत नव्हतं. टोले काढून रेल्वेचा आवाज टाकला की 'अ‍ॅना कॅरेनिना' तयार.

तरी मी बचाव केला. 'मॉर्निंग साइड'मध्ये लताबाईंचा आवाज आहे, १९८३ च्या 'सौतन'मधल्या गाण्याचा. मी म्हटलं, कादंबरीतला पीटर वॉल्श भारतातून परत आलेला असतो, तर हा आवाज म्हणजे त्याचं भारत. मॅडम हसल्या. "हे तुला ट्रॅक निवडताना सुचलं की आत्ता?" आत्ताच सुचलं होतं. मित्रहो, हे नीट बघा, कारण हे आपण सगळे करतो. आधी निवड, मग तिच्यामागे कारण बसवणं, आणि ते कारण आधीच होतं अशा थाटात मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहिणं. व्हायवात पकडलं जातं ते हेच.

त्या प्रश्नाला मी 'नाव-बदल चाचणी' म्हणते, आणि माझ्या कामावर लावायच्या आधी ती मी दुसऱ्यांवर लावून पाहिली. (स्वतःला सोलण्यापेक्षा ते सोपं असतं.) वुल्फवरचं अलीकडचं सगळ्यात प्रसिद्ध संगीत म्हणजे मॅक्स रिक्टरचं 'थ्री वर्ल्ड्स' (२०१७). वेन मॅकग्रेगरच्या 'वुल्फ वर्क्स' या २०१५ च्या बॅलेसाठी केलेलं हे संगीत. यात वाद्यवृंद आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि तीन कादंबऱ्या आहेत. तीनही भाग मला आवडतात, पण तिघांचा चाचणीतला निकाल वेगळा लागतो.

'ऑर्लँडो'चा भाग सरळ पास. त्या कादंबरीतलं पात्र तीनशेहून जास्त वर्षं जगतं, मधेच पुरुषाची बाई होते, पण ते तेच राहतं. रिक्टर 'ला फोलिया' ही शतकानुशतकं संगीतकारांनी वापरलेली जुनी चाल घेतो आणि तिला एकामागून एक रूपं देत सिंथेसायझरपर्यंत आणतो. चाल तीच, अंग बदललेलं. इथे 'प्रेरित'ला अर्थ आहे. कादंबरी जे करते ते संगीत स्वतःच्या साधनांनी करतंय. नाव बदला, मोडतं.

'द वेव्ह्ज'च्या भागाचं नाव 'ट्यूसडे'. सुरुवातीला वुल्फने १९४१ मध्ये मृत्यूपूर्वी नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी जिलियन अँडरसन वाचते, आणि मग संगीत हळूहळू भरतीसारखं वाढत जातं. अंगावर येतं, खोटं कशाला बोलू. पण 'द वेव्ह्ज' ही सहा आवाजांची कादंबरी आहे, आणि त्या आवाजांच्या मधे-मधे समुद्रावरून सरकणाऱ्या सूर्याची वर्णनं आहेत. ते सहा आवाज कुठे गेले? चिठ्ठी १९४१ ची, कादंबरी १९३१ ची. हे संगीत कादंबरीवरून प्रेरित नाही, लेखिकेच्या मरणावरून प्रेरित आहे. तसं करायला हरकत नाही, पण दावा तसा करा. बाईच्या लेखनाबद्दल बोलता बोलता तिच्या मरणाबद्दल बोलायला लागायचं, ही समीक्षेतली जुनी खोड आहे. संगीतात ती जास्त सुंदर दिसते, एवढंच.

आणि 'मिसेस डॅलोवे'चा भाग? त्याच्या तोंडाशी बिग बेन आहे आणि वुल्फचा स्वतःचा आवाज आहे, १९३७ च्या बीबीसीवरच्या भाषणातला, तिचा जपून राहिलेला एकमेव ध्वनिमुद्रित आवाज. तो ऐकताना मला माझा पहिला मिक्स आठवला. टोले म्हणजे लंडन. पोस्टकार्ड.

इथे मी पुन्हा कादंबरीकडे गेले, या वेळी हातात पेन्सिल घेऊन, आणि फक्त आवाजांवर खुणा केल्या. मग दिसलं की कादंबरीत घंटा सजावट म्हणून येतच नाही. ती काम करते. बारा वाजतात तेव्हा एकीकडे क्लॅरिसा हिरवा ड्रेस पलंगावर ठेवते आहे आणि दुसरीकडे सेप्टिमस नि त्याची बायको रेझिया हार्ली स्ट्रीटवरून डॉक्टरकडे चालले आहेत. तोच टोला दोघांना ऐकू येतो, आणि त्या टोल्यावरून लेखिका इकडून तिकडे जाते. त्याच्या आधी बाँड स्ट्रीटवर एका मोटारीचा धडाम आवाज होतो. क्लॅरिसा फुलांच्या दुकानात दचकते, आणि बाहेर फुटपाथवर सेप्टिमस खिळून उभा असतो. आपण त्याला पहिल्यांदा भेटतो ते या आवाजाच्या पुलावरून. म्हणजे ही बाई १९२५ मध्ये दोन मनांमधले सांधे एका सामायिक आवाजावर जुळवत होती. डीजे दुसरं काय करतो?

अजून एक गोष्ट. बिग बेन रेडिओवरून पहिल्यांदा वाजली ती १९२३ च्या ३१ डिसेंबरला मध्यरात्री. कादंबरीतला दिवस त्याच वर्षीच्या जूनमधला. म्हणजे त्या दिवशी ती घंटा फक्त तिच्या टप्प्यात असलेल्यांनाच ऐकू येत होती, कुणाला जवळून, कुणाला भिंतीपलीकडून. आपण जी स्वच्छ, थेट कानात वाजणारी बिग बेन सँपल म्हणून वापरतो, ती रेडिओनंतरची घंटा आहे. ती सगळ्यांना सारखीच ऐकू येते, म्हणून ती कुणाचीच नसते.

यावरून दुसऱ्या मिक्सचा नियम ठरला, आणि तो मी ट्रॅक निवडायच्या आधी तारीख टाकून वहीत लिहिला. दोन्ही बाजूंना ऐकू येणारा एक प्रत्यक्ष आवाज असल्याशिवाय ट्रॅक बदलायचा नाही. आणि तो आवाज दोन्हीकडे वेगळ्या अंतरावरून यायला हवा. एका ट्रॅकवर तो खोलीतून ऐकल्यासारखा, वरच्या फ्रिक्वेन्सी कापून, आणि दुसऱ्यावर रस्त्यावरचा, उघडा. काम दुप्पट झालं. हाउसमध्ये साधारण १२० बीपीएमला बत्तीस ठोक्यांचा एक टप्पा सोळा सेकंदांचा असतो, आणि डीजे सहसा त्या टप्प्याच्या तोंडाशी नवा ट्रॅक आणतो. माझा टोला मात्र कुठेही पडायचा. नियम पाळायचा तर चार आवडते ट्रॅक गेले. 'मॉर्निंग साइड'ही गेला, लताबाईंसकट.

पण खरी अडचण सेप्टिमसपाशी आली, आणि या मिक्समधून मी कादंबरीबद्दल काही शिकले असेन तर ते इथेच.

हल्लीच्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये 'सिंक' नावाचं बटण असतं. दाबलं की दुसरा ट्रॅक पहिल्याच्या वेगावर येतो, ठोक्यावर ठोका बसतो. सेप्टिमससाठी मी बरिअलचा 'आर्केंजल' घेतला होता, २००७ च्या 'अनट्रू'मधला. बरिअलने मुलाखतींत सांगितलंय की तो सीक्वेन्सर न वापरता साउंड फोर्जमध्ये, नुसत्या ध्वनिलहरी डोळ्यांनी बघून ड्रम मांडतो. म्हणून ते ठोके चौकटीत बसत नाहीत, जरा मागेपुढे लडखडतात. मी सिंक दाबलं. बसेना. मग मी हाताने ग्रिड ओढून-ताणून ते ठोके सरळ करायला लागले. रात्रीचा एक वाजला असेल. आणि एकदम लक्षात आलं की मी काय करतेय.

कादंबरीत सर विल्यम ब्रॅडशॉ नावाचे हार्ली स्ट्रीटचे बडे डॉक्टर आहेत. त्यांचं दैवत एकच, प्रमाण. माणूस प्रमाणात असला पाहिजे, नसला तर त्याला माणसांपासून दूर नेऊन, विश्रांती देऊन, वजन वाढवून प्रमाणात आणायचं. वुल्फचा सगळ्यात कडवट उपहास याच माणसावर आहे. आणि मी लॅपटॉपसमोर बसून सेप्टिमसला प्रमाणात आणत होते.

म्हणजे बीटमॅचिंग हे तटस्थ तंत्र नाही. या कादंबरीपुरतं तरी ती एका पात्राची बाजू आहे. 'डॅलोवे'वरचा कुठलाही सुरळीत मिक्स, कितीही हळवा असला तरी, ब्रॅडशॉच्या बाजूचा होतो. मी हे कुठल्याही लेखात वाचलेलं नव्हतं. कादंबरी दहा वेळा वाचूनही सुचलं नव्हतं. मिक्स करताना एक गोष्ट बसेना, म्हणून सुचलं. 'सर्जनशील कृती हेच संशोधन' असं म्हणणाऱ्यांवर मी पूर्वी जरा हसायचे. आता एवढं म्हणते की कृती संशोधन ठरते ती कुठे तरी अडल्यावर, आणि त्या अडण्याची नोंद ठेवल्यावर. माझ्या त्या रात्रीच्या नोंदीत फक्त इतकंच आहे: 'सिंक बंद. तसाच ठेव.'

तसाच ठेवला. विभागातल्या एका कार्यक्रमात वाजवला तेव्हा त्या सहा मिनिटांत दोन जण माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "जुळत नाहीये गं, काही तरी चुकलंय." एकाने तर जाऊन केबल तपासली. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, आणि आता दोन्ही वाटतं. कादंबरी न वाचलेल्या माणसाला ती नुसती चूक ऐकू आली, आणि मी शेजारी उभं राहून खुलासा करत बसणार असेन तर मिक्सने स्वतः काय सांगितलं? नाव-बदल चाचणीला हा दुसरा मिक्स टिकतो असं मला वाटतं. पण चाचणी पास झालेली कृती चांगली असेलच असं नाही. पहिला मिक्स लोकांनी दोन-तीनदा ऐकला, दुसरा एकदाच.

एक जागा अजून सुटलेली नाही. रीजंट्स पार्कच्या ट्यूब स्टेशनसमोर एक म्हातारी भिकारीण गात असते. तिच्या गाण्याला शब्द नाहीत, सुरुवात-शेवट नाही, नुसती अक्षरं आहेत. पीटर तिला नाणं देतो. रेझियालाही ते गाणं ऐकू येतं. माझ्या नियमाप्रमाणे ही सांध्याची सगळ्यात उत्तम जागा. पण तिथे कुठलाही गायलेला आवाज टाकला की त्याला भाषा येते, देश येतो, एखाद्या सिनेमाचं वर्ष येतं. सध्या मिक्समध्ये तिथे चाळीस सेकंद नुसता रस्ता आहे.