मेनूच्या दुसऱ्या पानावर

जुन्या व्हिडिओ गेमविषयी मराठीत आज जे बोललं जातं, ते बहुतेक बालपणाची उजळणी असतं. कॉन्ट्रा, मारिओ, टँक, फिरून कॉन्ट्रा. चारशे गेम भरलेला हातातला स्वस्त डबा आता हुपरीसारख्या गावातल्या पोरांच्या खिशातही दिसतो, पण त्यावरच्या व्हिडिओंमध्ये बोलबाला याच चारदोन खेळांचा. मेनूच्या दुसऱ्या पानावर कुणी चुकून गेलंच, तर दोन मिनिटांत निकाल लागतो: ग्राफिक्स बेकार, पुढे चला. या निकालाचाच मला संताप येतो.

अनोळखी खेळाशी पहिली भेट कशी व्हावी, हे समुराई आणि लिटल मास्टरच्या काळात आपल्याला आयतं मिळालं होतं. ही खेळयंत्रं १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या कुळातली. कॅसेटवरच्या खेळांतून कंपन्यांची नावं अनेकदा खोडलेली असत आणि माहितीपुस्तिका सहसा नसेच. कर्त्याची कीर्ती ठाऊक नाही, नियम सांगणारं कुणी नाही. खेळाला स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागे. ती कशी करून दिली जाते, यातच त्याची कला दिसते.

हडसन सॉफ्टचा १९८५ चा ‘बायनरी लँड’ घ्या. पडद्यावर दोन पेंग्विन, गुरिन आणि मालोन, मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना. उजवं बटण दाबलं की एक उजवीकडे जातो, दुसरा डावीकडे. पहिले काही क्षण हात गोंधळतो. मग लक्षात येतं की दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या नाहीत: एक अडतो, दुसरा चालत राहतो, आणि दोघांचा मेळ तुटतो. वरच्या पिंजऱ्यातल्या हृदयाला दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी भिडायचं असतं. एक कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर दुसऱ्याने जाऊन सोडवायचा, तोही याच उलटसुलट बटणांनी. विरह आणि भेट हा विषय इथे एका शब्दाशिवाय आपल्या अंगठ्यात उतरतो. मागे संगीतकार एरिक सातीची प्रेमगीताची चाल वाजत असते. एवढी नेमकी रचना मी नंतरच्या शेकडोपट मोठ्या खेळांत क्वचित पाहिली.

याच धाटणीचा शिगेरू मियामोतोचा ‘डेव्हिल वर्ल्ड’ (१९८४). वर उभा सैतान हात करील त्या दिशेला सगळा भुलभुलैया सरकतो आणि बेसावध खेळाडू भिंतीत चिरडला जातो. क्रूस आणि बायबल असल्याने तो त्या काळी अमेरिकेत निघालाच नाही. ‘डोअर डोअर’ कोइची नाकामुराने शाळकरी वयात लिहिला. पाठलाग करणाऱ्यांना झुलवत दारापाशी आणून कोंडायचं, एवढाच नियम. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घडवणाऱ्यांतला एक माणूस इथे आधीच दिसतो.

  

आता त्या ‘बेकार ग्राफिक्स’विषयी. त्या सुरुवातीच्या कॅसेटांत सगळा खेळ, चित्रांसकट, फार तर ४० किलोबाइटांत बसवावा लागे. हुपरीचा कारागीर पैंजण घडवायला बसतो तेव्हा चांदीचं वजन आधी ठरलेलं असतं आणि नक्षी त्या वजनात उठवायची असते. त्याच्या कामाला आपण वजनावरून नावं ठेवत नाही. मग इथेच मोजमाप का बदलावं?

अशा निकालांतला दुसरा दोष त्याहून मोठा आहे. काही नव्या डब्यांत हवं तिथे खेळ साठवता येतो, काहींत मागेही नेता येतो. तशा सोयीने शेवट पाहिलेल्या माणसाने खेळ पाहिला खरा, पण तो खेळला नाही. मरणं हा या खेळांच्या भाषेचा भाग आहे. कुठे मेलो आणि पुढच्या खेपेला हात कसा वळला, हे सांगता येत नसेल तर ते मत समीक्षेच्या कामाचं नाही.

मराठीत नाटकाला समीक्षक आहेत, सिनेमाला आहेत. या कलेच्या वाट्याला आले ते आठवणी सांगणारे. आठवणीतून खेळणाऱ्याचं बालपण कळतं, खेळाची घडण कळत नाही. आज बारा वर्षांच्या मुलाच्या हातात तो डबा आहे. माझं बालपण त्याच्या काहीच कामाचं नाही. चारशेतले कोणते खेळ हाती घ्यावेत आणि का, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगायचं तर आधी आपण ते खेळले पाहिजेत, अनेकदा मरून, कॉन्ट्रा बाजूला ठेवून. ज्याला एवढी मेहनत घ्यायची नाही, त्याने जुन्या खेळांचा जाणकार म्हणून मिरवणं थांबवावं.