तीन कंठांचा ‘मी’

आत्मचरित्रात लेखक, निवेदक आणि चरित्रनायक एकच असतात, या हमीला फिलिप लेजून यांनी आपल्या १९७५च्या ग्रंथात करार म्हटले. मुखपृष्ठावरील नाव पाहून वाचक तो करार स्वीकारतो. श्रोत्याच्या कानी मात्र सतत आवाजच असतो. ‘रोलिंग स्टोन्स’चे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या ‘लाइफ’ (२०१०) या आत्मचरित्राच्या ध्वनिमुद्रित आवृत्तीत एका ‘मी’ला तीन कंठ लाभले आहेत : नट जॉनी डेप, गायक जो हर्ली आणि स्वतः रिचर्ड्स. तेव्हा करार मोडला, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. मुळात हे पुस्तक पत्रकार जेम्स फॉक्स यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले. छापील पानावर तो सांधा बुजून जातो, येथे निदान ‘मी’ एकसंध नाही एवढे तरी ऐकू येते. खरी अडचण रिचर्ड्स स्वतः वाचू लागतात तेव्हा सुरू होते. तो घोगरा, झिजलेला स्वर कानी पडताच श्रोता संहितेची चिकित्सा विसरतो आणि स्वरालाच सत्याचा दाखला मानू लागतो. वास्तविक तेही वाचनच, आणि तेही दोघांनी मिळून सिद्ध केलेल्या मजकुराचे. डेप यांच्या तोंडचे जे विधान श्रोता पारखून घेईल, तेच रिचर्ड्स यांच्या तोंडून तो निमूटपणे मान्य करतो.