मागे राहिलेली शर्मिष्ठा

दिवाळीला अमरावतीहून अकोल्यास मावशीकडे जायचे आणि रात्री फराळ आटोपला की गच्चीवर सतरंजी टाकायची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. उत्तरेकडे बोट दाखवून मावशी सांगे, "ती शर्मिष्ठा, ती देवयानी, तो ययाती." वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) तिने कितीदा वाचली होती, याला गणती नाही. काका गेल्यानंतरच्या दिवाळीत ती एवढेच म्हणाली, "पुस्तकाले नाव जळनाऱ्याचं. मांगं राह्यली तिचं काय?" मला उत्तर सुचले नाही. मी कादंबरी पुन्हा हाती घेतली.

आकाशातही हाच प्रश्न विचारला गेला आहे. नोव्हेंबर 1572 मध्ये शर्मिष्ठेत एक तारा शुक्रासारखा झळाळला. टायको ब्राहीने त्याची नोंद ठेवली. 1574 मध्ये तो नजरेआड झाला. इकडे वऱ्हाडची इमादशाहीही त्याच सुमारास बुडाली. तो होता अतिदीप्त नवतारा. श्वेतबटू जवळच्या साथीदाराचे द्रव्य ओढीत सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाशी पोचतो आणि स्फोटात नामशेष होतो. साथीदार मात्र गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखा निघून जातो. 2004 मध्ये पिलार रुईझ-लापुएन्ते व सहकाऱ्यांनी असा एक सूर्यासारखा तारा दाखविला. त्याचा वेग आसपासच्या ताऱ्यांच्या तिपटीहून अधिक. पुढे इतरांनी शंका घेतल्या. दोन श्वेतबटू एकमेकांत मिसळून स्फोट झाला असेल, तर मागे कोणीच उरत नाही. वाद मिटलेला नाही.

पण ओळखण्याची रीत पाहा. गेलेल्याचे तेज कितीही मोठे असो, मागे राहिलेला ओळखायचा तो त्याच्या स्वतःच्या गतीवरून. हीच कसोटी मी कादंबरीला लावतो. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी आपल्या तोंडाने सांगतात, ही योजना मोठीच. परंतु तिघांच्या तोंडी भाषा एकच, लेखकाची, अलंकारांनी लगडलेली. म्हणून शर्मिष्ठेचे दुःख उदात्त वाटते, पण तिचे वाटत नाही. अपवाद एकच: लहानग्या पूरूला घेऊन ती हस्तिनापूर सोडते, ती पाने. तेथे तिला स्वतःचा वेग सापडतो, आणि ययातीची आठवणही आपल्याला होत नाही.

मावशी आता नाही. वाचकहो, यंदा फराळानंतर क्षणभर उत्तरेकडे पाहा. मग कपाटातली 'ययाति' काढा, आणि या खेपेस ती शर्मिष्ठेच्या बाजूने वाचा.